सुरतेतील किशोरवयीन मुलामुलींसाठी विनामूल्य चित्रकला व डिझाइन शिक्षण

दहावीचा निकाल लागला की मंडळाच्या कार्यालयात दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. लिंबायतहून किंवा डिंडोलीहून एखादी ताई मुलीला घेऊन येते, पिशवीतून दोन-तीन वह्या काढून टेबलावर ठेवते आणि विचारते, “हिचा हात चांगला आहे. हिला कुठे घालू? फी भरणं मात्र आमच्याच्यानं व्हायचं नाही.” वह्या उघडून पाहाव्यात तर हात खरोखरच चांगला असतो. मग आम्ही विचारतो, चित्र शेवटचं कधी शिकवलं होतं? उत्तर बहुतेक वेळा “आठवीत” असेच येते.

हा प्रश्न दहावीनंतर नव्हे, सातवी-आठवीतच विचारायला हवा, म्हणून ही नोंद तयार केली आहे. तेरा ते अठरा या वयातल्या मुलामुलींना पैसे न भरता किंवा अगदी थोडक्या पैशांत चित्रकला आणि डिझाइन कसे शिकता येईल, कोणत्या परीक्षा आणि शिष्यवृत्त्या आहेत, त्यातून पुढे कुठे जाता येते आणि आपल्या वस्तीत असा वर्ग सुरू करायचा तर काय लागते, एवढे यात आहे. अर्जांच्या तारखा आणि नियम दरवर्षी बदलतात. ते त्या त्या वर्षी शाळेत किंवा संबंधित कार्यालयात विचारून घ्यावेत.

सुरतेतली ‘भात’

डिझाइन हा शब्द आपल्या घरांना परका नाही. खानदेशातून ताप्तीकाठच्या रेल्वेने आलेली आपली पहिली पिढी लूम्सच्या खात्यात लागली, दुसरी एम्ब्रॉयडरीच्या खात्यात. घरोघरी बायका साडीवर टिकल्या आणि खडे चिकटवतात, धागा कटिंग करतात. शेजारची गुजराती बाई नक्षीला ‘भात’ म्हणते. नव्याने आलेल्या आपल्या लोकांना हा शब्द ऐकून जेवणाची आठवण होते, आणि सुरतेत नक्षीवरच जेवण चालते हे पाहता तेही चुकीचे नाही.

पण ही भात काढतो कोण? साडीचा पदर, काठ, अंगावरचा बुट्टा हे सगळे आधी कोणीतरी कागदावर किंवा आता संगणकावर बसवलेले असते. तो नमुना कापडभर न तुटता पुढे जावा म्हणून त्याचा ‘रिपीट’ काढावा लागतो, म्हणजे उजवी कड डाव्या कडेला आणि वरची खालच्या कडेला बेमालूम जुळली पाहिजे. एकच डिझाइन पाच-सहा रंगसंगतींत काढतात, त्याला बाजारात ‘मॅचिंग’ म्हणतात. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून चार रंगांत आठ रंगांचा भास निर्माण करणारा डिझायनर मालकाला हवाहवासा वाटतो. एम्ब्रॉयडरीत त्याच चित्राचे टाक्यांत रूपांतर करावे लागते. ते काम ‘पंचिंग’चे. टाका कुठून सुरू होऊन कुठे संपेल, धागा कुठे तुटेल, हे सगळे त्यात ठरते. डिजिटल प्रिंटिंग आल्यावर रंगांचे बंधन सैल झाले, पण रिपीट चुकला तर कापड वाया जाते ते आजही जातेच.

हे काम करणारा माणूस मशीन चालवणाऱ्यापेक्षा वेगळ्या खोलीत बसतो, त्याचे तास वेगळे असतात आणि पगारही. दोन्ही कामांत चांगला हात लागतो, मग फरक पडतो कुठे? तेरा ते अठरा या वयात एकाला कोणी चित्र शिकवले आणि दुसऱ्याला शिकवले नाही, इथेच. आमच्या दृष्टीने या सगळ्या विषयाचे महत्त्व यात आहे. चित्रकलेचा वर्ग म्हणजे सुटीतला विरंगुळा, असे समजणाऱ्या पालकांशी आम्ही वाद घालत नाही. आम्ही त्यांना एखादी तयार साडी उलगडून दाखवतो.

एक सुरती माणूस आणि एक मराठी राजा

धंद्याशी जोडलेले कलाशिक्षण, आणि तेही आपल्या भाषेत, ही कल्पना या भागात नवी नाही. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मूळचे सुरतेचे, रसायनशास्त्रज्ञ. रंगाई आणि कापडाच्या धंद्यातल्या कारागिरांच्या मुलांना विज्ञान आणि कला मातृभाषेतून शिकवावी, हा त्यांचा ध्यास होता. सुरतेतल्या या माणसाला पाठबळ दिले ते मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या आणि बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी. १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले. तिथे रंगाई, विणकाम, सुतारकाम, चित्रकला, यंत्रकाम असे विषय शेजारी शेजारी शिकवले जात. चित्रकला वरची आणि रंगाई खालची, असा भेद त्यात नव्हता.

या कलाभवनात शिकलेल्या एका मराठी विद्यार्थ्याचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे: धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून ते बडोद्याला आले आणि चित्रकलेबरोबर छायाचित्रण, साचेकाम असे बरेच काही शिकले. पुढे १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. गज्जरांची एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते आणि ते काही केल्या निघेना. ते स्वच्छ करून दिले या सुरतेच्या रसायनशास्त्रज्ञाने. डांबर फासणारे होते पुण्याचे चापेकर बंधू. पुतळ्याच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती म्हणायची.

कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत सामावले गेले. त्याच विद्यापीठात १९५० च्या सुमारास ललित कला विद्याशाखा उभी राहिली आणि तिथल्या चित्रकला विभागाची धुरा नारायण श्रीधर बेंद्रे यांनी सांभाळली. सुरतेच्या मुलांसाठी बडोदे आजही सर्वांत जवळचे मोठे कलाशिक्षण केंद्र आहे.

शाळेतून काय मिळते

सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळा आठवीपर्यंत आहेत आणि पुढे महानगरपालिकेच्याच ‘सुमन’ शाळांतही मराठी माध्यमाची सोय आहे. आपल्या समाजातली पुष्कळ मुले याच वाटेने जातात. तिथे शिक्षण मोफत असते, आणि चित्रकलेचा शिक्षक असेल तर पहिला मोफत वर्ग हाच. अडचण नववीनंतर सुरू होते. त्या वर्षापासून बहुतेक घरांत गणित-विज्ञानाची ट्यूशन लागते आणि चित्राची वही माळ्यावर जाते. शाळेत चित्रकलेचा तास वेळापत्रकात असला तरी तो कोणत्या विषयाने खाल्ला, हे मुलांनाच विचारावे.

म्हणून पालकांना आमची पहिली सूचना अशी की मुलाला शासकीय चित्रकला ग्रेड परीक्षांना बसवा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन पायऱ्या आहेत. महाराष्ट्रात त्या कला संचालनालय घेते, तर गुजरातेत गांधीनगरचे राज्य परीक्षा बोर्ड. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून शाळेतल्या शिक्षकांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावे. शुल्क मोठे नसते. महाराष्ट्रातल्या एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे विषय असतात. यातले संकल्पचित्र म्हणजेच डिझाइन: दिलेल्या चौकोनात किंवा वर्तुळात आकार बसवायचे, रंग मोजके वापरायचे. साडीच्या बुट्ट्याचा अभ्यास वेगळा काय असतो?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंटरमीजिएटमध्ये अ श्रेणी मिळाली की दहावीत सात गुण वाढतात, ब श्रेणीला पाच आणि क श्रेणीला तीन, असे जळगाव-धुळ्याचे नातेवाईक सांगतात. ते खरे आहे, पण महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी. गुजरात बोर्डातून दहावी देणाऱ्यांनी गुणांच्या आशेने ही परीक्षा देऊ नये. तिचा खरा उपयोग असा की वर्षभर ठरावीक सराव होतो आणि पुढे पोर्टफोलिओ करायची वेळ येते तेव्हा हाताशी काहीतरी असते.

स्पर्धा आणि शिष्यवृत्ती

शालेय मुलांसाठी केंद्र सरकारचा ‘कला उत्सव’ २०१५ पासून होतो. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना शाळेमार्फत भाग घेता येतो आणि त्यात दृश्यकलेचे विभाग आहेत. गुजरात सरकारचा ‘कला महाकुंभ’ वयोगटांनुसार होतो आणि त्यातही चित्रकला आहे. दोन्हींना प्रवेश शुल्क नाही. जिल्ह्यापर्यंत पोहोचलेल्या मुलाला तिथे इतर शाळांची, इतर माध्यमांची मुले काय काढतात हे पाहायला मिळते. मराठी शाळेतल्या आपल्या मुलांना ही संधी एरवी कमी मिळते. प्रमाणपत्रापेक्षा आम्हांला याचे मोल जास्त वाटते.

शिष्यवृत्तीत मुख्य आहे ती नवी दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची. ही योजना १९८२ पासून चालू आहे. अर्ज करताना मुलाचे वय दहा ते चौदा असावे लागते. चित्रकला, मूर्तिकला, हस्तकला हे विषय त्यात येतात आणि निवड झाल्यास अटी पाळून पुढची अनेक वर्षे ती चालू राहते. चौदाव्या वर्षानंतर अर्जच करता येत नाही, म्हणून दहावीनंतर कार्यालयात येणाऱ्या ताईला आम्ही ही योजना सांगतो तेव्हा आमचाच आवाज खाली जातो.

पाहायला जाण्याच्या जागाही विसरू नयेत. सिटीलाइट भागातल्या महानगरपालिकेच्या विज्ञान केंद्रात कलादालन आणि सरदार पटेल संग्रहालय आहे. या संग्रहालयाची सुरुवात १८९० ची, तेव्हा त्याचे नाव विंचेस्टर म्युझियम होते. जुनी वस्त्रे, जरीकाम, लाकडी कोरीवकाम समोर बसून वहीत उतरवायला याहून चांगली जागा शहरात नाही. घोडदौड रोडवरच्या कवी नर्मद मध्यवर्ती ग्रंथालयात कलेची पुस्तके बसून पाहता येतात. जुन्या शहरात गेलात तर घरांचे कोरलेले खांब आणि सज्जे रस्त्यावरूनच दिसतात. त्यांना तिकीट नाही.

‘मोफत’ म्हणजे काय

इथे आमचाच अनुभव सांगतो. मंडळाच्या खोलीत आम्ही रविवारचा चित्रवर्ग सुरू केला तेव्हा फलकावर मोठ्या अक्षरांत ‘विनामूल्य’ लिहिले आणि आपले काम झाले असे समजलो. पहिल्या महिन्यात आली ती बहुतेक मुले ज्यांच्याकडे रंगपेटी आधीच होती. ज्यांच्यासाठी वर्ग काढला ती दोन-तीन वेळा येऊन थांबली. कारण विचारायला घरी गेलो तेव्हा एकेक गोष्ट कळली. ड्रॉइंगचा कागद आणि ब्रश आपणच आणायचे, हे आम्ही गृहीत धरले होते. वेळ संध्याकाळी पाचची होती. वर्ग सुटेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडतो आणि रेल्वेच्या गरनाळ्यातून मुलीला एकटीने परत पाठवायला कोणी तयार नव्हते. एका मुलाचे वडील रातपाळीचे. रविवारी ते झोपलेले असताना लहान भावाला सांभाळण्याचे काम त्याचे. आणि एका आईने सरळ सांगितले, “भाऊ, ती दोन तास तुमच्याकडे बसली तर तेवढ्या साड्यांचे खडे राहतात.”

त्यानंतर वर्ग सकाळी नऊला आणला. साहित्य खोलीतच ठेवले, घरून काही आणायचे नाही असा नियम केला. लहान भावंडांना बरोबर आणण्याची परवानगी दिली. त्यांच्यासाठी कोपऱ्यात खडू आणि जुनी वर्तमानपत्रे असतात. मुलींना एकाच गल्लीतून गटाने यायला सांगितले. खड्यांच्या मजुरीचे उत्तर मात्र आम्हांला अजून सापडलेले नाही. ती मुलगी परीक्षेपुरती येते, मग दोन महिने येत नाही. आम्ही तिचे नाव पटावरून काढलेले नाही.

‘मोफत’ हा शब्द फसवाही असतो. प्रवेश मोफत म्हणून बोलवायचे आणि पहिल्याच दिवशी रंगांचा संच, टी-शर्ट, प्रमाणपत्राची फी अशी यादी हातात द्यायची, असे प्रकार आमच्या पाहण्यात आले आहेत. पालकांनी आधीच विचारावे: साहित्य कोणाचे, वर्ग किती महिने चालणार, शिकवणारा कोण, आणि केलेले काम मुलाला घरी नेता येईल का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण काम वर्गातच राहिले तर मुलाजवळ दाखवायला काहीच उरत नाही.

बाहेर कुठे काय चालते

दिल्लीत राष्ट्रीय बालभवन १९५६ मध्ये सुरू झाले आणि मुंबईत चर्नी रोडचे जवाहर बालभवन त्याच विचारातले. मात्र बालभवने सोळा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांसाठी असतात, त्यामुळे तिथे लहानांची गर्दी जास्त आणि मोठी मुले लाजून येत नाहीत. खास किशोरांसाठी घडवलेला नमुना इंग्लंडमध्ये आहे. जॉन आणि फ्रान्सेस सॉरेल या दांपत्याने २००९ मध्ये तिथे शनिवारचे क्लब सुरू केले. तेरा ते सोळा वर्षांची मुले दर शनिवारी जवळच्या कॉलेजात जातात, तिथल्याच स्टुडिओत, तिथल्याच शिक्षकांकडे विनामूल्य शिकतात आणि वर्षअखेरीस त्यांच्या कामाचे प्रदर्शन लंडनमध्ये भरते.

यातली घेण्याजोगी गोष्ट एकच वाटते: मुलांना कॉलेजच्या दारातून आत नेणे. आपल्याकडे अठरा वर्षांच्या मुलाने डिझाइनचा स्टुडिओ कधी पाहिलेला नसतो, मग तो तिथे अर्ज कसा करणार? सुरतेत तर कॉलेजबरोबर खातीही आहेत. आम्ही मुलांना एका डिजिटल प्रिंटिंग युनिटमध्ये सकाळी दोन तास नेले होते. ज्यांचे वडील तशाच युनिटमध्ये मशीनवर काम करतात, त्या मुलांनीही डिझायनरची खोली पहिल्यांदाच पाहिली. नेण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि रंगाईच्या विभागात मुलांना फिरू देऊ नये.

वर्ग काढायचा तर

खोली, उजेड आणि दर आठवड्याला न चुकता येणारा एक माणूस एवढे लागते. तिसरी गोष्ट मिळणे सर्वांत अवघड. निवृत्त चित्रकला शिक्षक आपल्या समाजात आहेत; त्यांना महिन्यातून दोन रविवार मागावेत आणि उरलेले दोन पंचिंग किंवा टेक्स्टाइल डिझाइन करणाऱ्या एखाद्या तरुणाला द्यावेत. हात बसवणे एकाकडून आणि धंद्याची नजर दुसऱ्याकडून, अशी वाटणी आमच्याकडे बरी चालली आहे.

साहित्याच्या बाबतीत सुरत श्रीमंत आहे. ट्रान्सफर प्रिंटिंगचा वापरून झालेला कागद मागच्या बाजूने कोरा असतो आणि बहुधा रद्दीच्या भावात मिळतो; मोठ्या चित्रांना तो उत्तम. कापडाच्या चिंध्यांपासून कोलाज होते, ताग्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांपासून त्रिमितीचे काम. बटाटा किंवा भेंडी कापून ठसे केले की रिपीट म्हणजे काय ते अर्ध्या तासात समजते, संगणकाची गरज पडत नाही. संगणक आला तरी पहिले सहा महिने पेन्सिलच असावी, या मताला आम्ही चिकटून आहोत. काही तरुण सभासदांना ते जुनाट वाटते.

पुढच्या वाटा

दहावीनंतर सरकारी आयटीआय आणि पॉलिटेक्निक या कमी खर्चाच्या वाटा आहेत. मजुरागेटच्या डॉ. एस. अँड एस. एस. गांधी कॉलेजात वस्त्रोद्योगाचे डिप्लोमा आहेत. बारावीनंतर वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाचा ललित कला विभाग सुरतेतच आहे आणि बडोद्याची विद्याशाखा रेल्वेच्या अंतरावर. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था म्हणजे एनआयडी ही १९६१ पासूनची, गांधीनगरची निफ्ट १९९५ पासूनची. दोन्हींच्या पदवीला बारावी कोणत्याही शाखेतून चालते. प्रवेश परीक्षेत चित्र काढावे लागते आणि विचार मांडावे लागतात. तिथली फी मोठी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही; शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज यांची चौकशी प्रवेशाआधी वर्षभर सुरू करावी. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी वा हिंदी प्रश्नपत्रिकेची भीती वाटते. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन अकरावीपासून बसले तर ती बरीच कमी होते. त्यासाठी आमच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी दोन माजी विद्यार्थी बसतात.

वर्गाची चौकशी करायला येताना मुलाला बरोबर आणावे. चांगले निवडून आणलेले चित्र तर दाखवाच, पण गणिताच्या वहीची मागची पाने आणि रद्दीत द्यायला काढलेली जुनी वहीसुद्धा घेऊन या. आम्हांला आधी तीच पाहायची असते.